मालक म्हणले

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचते आहे. खरं सांगायचं तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे अनुभव वाचताना मनातल्या मनात लाल पेनानं शेरेही मारलेत... "पुरावा?", "झोप अपुरी", "शेवट ओढूनताणून". राग मानू नका, सवय आहे. एकतीस वर्षं बीडच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं मी. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून नारळ पेटवून दाखवायचे आणि पोरांना सांगायचे, बघा रे, यात देवी नाही की भानामती नाही. भानामतीच्या गोष्टी आमच्याकडे पैशाला पासरी. एकीवरही माझा विश्वास बसला नाही.

आणि आज मीच लिहायला बसले आहे. कारण हे सांगायला दुसरं कुणी नाही. मुलाला सांगितलं तर तो डॉक्टरची अपॉइंटमेंट घेईल, नणंदेला सांगितलं तर ती शांती करायला निघेल. मला दोन्ही नको. मला फक्त कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवंय.

आधी जागा सांगते. गेवराईत, जुन्या स्टँडपासून बायपासकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या सात खोल्या आहेत. भाड्यानं देण्यासाठीच बांधलेल्या. इंग्रजी एलसारखी मांडणी, प्रत्येक खोलीला मागं मोरी, पुढं दीड फुटाचा ओटा. मधल्या अंगणात फरशी, कोपऱ्यात बोअर, वर दोन काळ्या टाक्या. रस्त्यावरून दिवसभर वाळूचे हायवा ट्रक धावतात, त्यामुळे अंगणातला कडीपत्ता हिरवा असतो हे फक्त पावसाळ्यात कळतं. भाडेकरू सगळे नोकरीवाले — दवाखान्यातल्या सिस्टर, दोन शिक्षक, बँकेतला एक मुलगा.

या खोल्या माझ्या मिस्टरांनी बांधल्या. ते पाटबंधारे खात्यात होते. गेवराई त्यांचं गाव, म्हणून रिटायर झाल्यावर फंडाचा सगळा पैसा तिथं घातला. सांभाळल्याही त्यांनीच. दर मंगळवारी सकाळच्या बसनं जायचे; मोटर, टाकी, कुणाच्या दोरीवर कुणी कपडे घातले, सगळं बघायचे. आधी संध्याकाळी परत यायचे. मग दोन दिवसांनी यायला लागले. शेवटी शेवटी चार-चार दिवस तिकडेच. मी बीडमध्ये.

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, ते गेले. हार्ट. सकाळचा चहा व्हायच्या आत. आम्ही लिंगायत वाणी, आमच्यात जाळत नाहीत, समाधी देतात — बसवून, हातात लिंग देऊन. ते मी या डोळ्यांनी पाहिलं. मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी "नक्की गेले होते ना?" असं विचारायला नको.

त्यांच्यामागं मी कुंकू पुसलं नाही. एकतीस वर्षं पोरींना सांगत आले की या सगळ्या माणसांनी काढलेल्या चाली आहेत, आणि स्वतःवर वेळ आली की मागल्या दारानं पळायचं? टिकली, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं जागच्या जागी. नणंदेनं बोलणं टाकलं. टाकू दे म्हटलं.

मुलगा शिवराज बंगळूरला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, चल ठेवतो, मीटिंग आहे. रविवारी कसली मीटिंग, हे मी विचारत नाही. फोन ठेवला की घरात परत फ्रिजचा आवाज तेवढा राहतो. मला एकटेपणाचं रडगाणं गायला आवडत नाही, पण हे कळल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही. त्या दिवसांत माझी एकच भूक होती... आपण कशा आहोत, हे कुणीतरी आपणहून विचारावं. खरंच उत्तर हवंय म्हणून विचारावं.

मिस्टरांच्या मागं दोन वर्षं खोल्या मी पाहिल्या. मग गेवराईच्या स्टँडवर एसटीतून उतरताना पाय चुकला आणि गुडघ्याची वाटी तडकली. दीड महिना पलंगावर. तिकडं मोटर जळाली, दोन भाडेकरू कपड्यांच्या दोरीवरून हातघाईवर आले, आणि माझ्या लक्षात आलं की आता माणूस ठेवल्याशिवाय भागत नाही. मॅनेजर म्हणा, केअरटेकर म्हणा.

पहिला आला तो म्हणाला, सगळे भाडेकरू काढा, हायवेवर आहे, लॉज करू. त्याला पाणीसुद्धा न देता वाटेला लावलं. दुसरा माझा भाचा. त्याच्या मनात तीन खोल्यांत स्वतःचं सासर बसवायचं होतं. तिसरा भागवत. आमच्या शाळेतले जुने शिपाई लिंबागणेशचे, त्यांनी पाठवलेला. पन्नाशीचा, मूळ युसूफ वडगावचा, वायरमनची कामं केलेला. मुलगी गेवराईत दिलेली, म्हणून नवरा-बायको तिकडंच येऊन राहिलेले.

त्यानं पगाराचं काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला. "बाई, मालक कोन? म्हंजे इचारायचं कुनाला? एका कामाला दोन तोंडं असली की घोळ हुतो."

मी म्हटलं, मालक आता मुलगाच समजा. पण तो लांब असतो, तेव्हा काय असेल ते मला सांगत जा. लगेच शिवराजला फोन लावून दोघांचं दोन मिनिटं बोलणंही करून दिलं. मग त्याला एक वही दिली. तिच्यात खोल्यांना एक ते सात नंबर घालून प्रत्येकाचं पान आखलेलं. मिस्टरांचं असलं काही नव्हतं. ते खोल्यांना जुन्या भाडेकरूंच्या नावानं ओळखायचे, कंडक्टरची खोली, तलाठ्याची खोली. कंडक्टर बदलून जाऊन आठ वर्षं झालेली, तरी खोली त्याचीच. मला त्या पद्धतीचा भयंकर राग यायचा.

भागवत कामाला चोख निघाला. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन. मी वही घेऊन बसायचे, तो नंबरवार सांगायचा. दीड-दोन महिने असंच चाललं. मग एका रविवारी तो म्हणाला, सहा नंबरची मोरी तुंबतेय ते पाईपमुळं नाही, मालक म्हणले फरशीखाली चेंबर आहे, ते उघडा. उघडलं, तर खरंच होतं.

मला तर माहीतही नव्हतं तिथं चेंबर आहे. पण बांधकाम चालू होतं तेव्हा शिवराज सुट्टीत बापाबरोबर जायचा, त्याच्या लक्षात असेल. मला बरं वाटलं. पोरगं लक्ष घालतंय म्हणजे.

त्यानंतर "मालक म्हणले" दर रविवारी यायला लागलं. मालक म्हणले, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरवा. मालक म्हणले, त्या वाळूवाल्याला खोली देऊ नका, कितीही आगाऊ दिले तरी. पुढं त्याच माणसाचा हायवा तहसीलवाल्यांनी धरून नेल्याचं कळलं, तेव्हा मला पोराचं कौतुकच वाटलं. बंगळूरला बसून माणसं ओळखतो. कंडक्टरच्या खोलीत ओल आलीय, असं भागवत बोलून गेला तेव्हा मात्र मी जरा चरफडले — नंबर घालून दिले होते ना? पण शिवराज बापाचाच मुलगा, तीच नावं वापरत असेल, म्हणून सोडून दिलं.

आणि मग, संक्रांतीच्या आसपास असेल, सगळं सांगून झाल्यावर भागवत म्हणाला, "मालक इचारत होते, बाईंचा गुडघा कसा हाय."

मी म्हटलं, बरा आहे म्हणून सांगा त्याला. आणि फोन ठेवला. मला हसू येत होतं. तोंडावर दोन मिनिटं बोलायला जमत नाही, आणि खोल्या बघणाऱ्या माणसाच्या आडून आईची चौकशी... लहानपणीही तसाच होता तो. काही हवं असलं तर शेजारच्या काकूंना सांगायचा, की आईला सांगा.

पुढच्या रविवारी उत्तर आलं. मालक म्हणले, बरा नाही, उजव्या पायावर भार देऊन चालतात अजून. गच्चीवर ऊन खायला जाऊ नका, पायऱ्या उंच आहेत, पुढच्या ओट्यावर बसा. मी त्या दिवसापासून ओट्यावर बसायला लागले.

असे निरोप सहा महिने चालले. रात्री भात खाऊ नका म्हणले. चष्म्याचा नंबर बदललाय, दाखवून घ्या म्हणले. तुम्ही म्हणाल, मुलाला थेट का नाही विचारलं? मुद्दाम नाही विचारलं. तो असा लाजरा, तोंडावर बोलून दाखवलं तर बंद करेल. मला ते बंद व्हायला नको होतं. रविवारी सकाळी दहाची मी नऊपासून वाट बघायचे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं. मीही निरोप पाठवायला लागले. त्याला सांगा, फार जागत जाऊ नकोस. त्याला सांगा, मी दुधाचा रतीब अर्धा लिटरवर आणलाय, एक लिटर कुणासाठी घेऊ. एकदा तर, कसं कोण जाणे, मी म्हणून गेले, "त्याला सांगा, घर फार मोठं झालंय."

पुढच्या रविवारी भागवत सगळ्या खोल्यांचं सांगून झाल्यावर जरा अडखळला. "त्ये घराचं मी सांगितलं मालकांला. तर म्हणले, माहीत हाय मला."

मी रडले त्या दिवशी. बरं वाटलं म्हणून रडले.

आषाढात एका रविवारी शिवराजचा फोन जरा लांबला. गेवराईच्या खोल्यांना गिऱ्हाईक आलंय म्हणाला. भाव चांगला आहे, हायवेमुळं. पुढच्या महिन्यात येतो, सह्या करून टाकू, आणि तूही इकडं ये. इकडं म्हणजे त्याच्या घरी नव्हे. त्याच्या सोसायटीपासून जवळ एक जागा आहे, तुझ्या वयाची माणसं असतात, डॉक्टर चोवीस तास.

मला काहीच समजेना. म्हटलं, अरे, विकायचंच होतं तर मग त्या भागवतला दर आठवड्याला एवढ्या सूचना कशाला देत बसतोस?

"कोण भागवत?" तो म्हणाला. मग स्वतःच, "हां, तो केअरटेकर... अगं, त्याच्याशी मी एकदाच बोललोय, तू ठेवलंस त्या दिवशी. माझ्याकडं नंबर पण नाहीये त्याचा."

गुडघ्याचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. उत्तर कळलं होतं.

त्या रात्री मी भागवतला मनातून जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. सरळ होतं ना सगळं. एकटी बाई बघितली, मुलाच्या नावानं गोड बोलून गुंडाळलं. उद्या हाच सही मागायला आला असता. खरं सांगू का, फसवलं याचं दुःख कमी होतं. चौकशी खोटी निघाली, त्याचं जास्त होतं.

सकाळी पहिली बस पकडून गेवराई गाठली. भागवत अंगणात टाकीच्या पाईपला दोरा गुंडाळत होता. मला बघून लगबगीनं खुर्ची आणली. मी बसले नाही.

म्हटलं, त्या पहिल्या दिवसानंतर शिवराज तुमच्याशी एकदाही बोललेला नाही. मग हा मालक कोण?

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कोन म्हंजे? मालक, बाई. तुमचे मालक."

आता बीडकडचे जे वाचत असतील ते एव्हाना कपाळाला हात लावून बसले असतील. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडं बाई नवऱ्याला मालक म्हणते. "मालक गावाला गेलेत", "मालकांना विचारून सांगते". लोकही तसंच बोलतात, "तुमचे मालक कुठं हायेत?" मला हा शब्द कधीच सहन झाला नाही. मी काय गाय आहे का? उभ्या जन्मात मी नवऱ्याला मालक म्हटलं नाही, शाळेत कुणा शिक्षिकेनं म्हटलं तर तिला टोकायचे. मालक म्हणजे घरमालक, बस. इतका तिटकारा की सहा-सात महिने तो शब्द कानावर पडूनही मला त्याचा तो अर्थ ऐकू आला नाही.

भागवत सांगत गेला. दर मंगळवारी येतात. अकराच्या सुमाराला. कडीपत्त्यापाशी उभे राहतात. पांढरी पँट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला विभूती. चहा विचारला तर नको म्हणतात. काय ते सांगतात, बाईंची चौकशी करतात आणि स्टँडकडं चालायला लागतात.

मी म्हटलं, अहो, मग मला एकदा तरी सांगायचं, की ते येतात म्हणून.

"सांगत होतो की, बाई. दर आयतवारी सांगत होतो. मालक म्हणले, मालक म्हणले."

खरंच सांगत होता.

"मला वाटलं तुमचं दोगांचं बोलणं न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "तुमी पयल्याच दिशी म्हणल्या, मालक आता पोरगाच समजा. मग मालकांला 'त्याला सांगा, त्याला सांगा' म्हणायच्या. म्हणलं, लईच बिनसलंय. घरोघरी मातीच्या चुली. आपुन मधल्या मानसानं निरोप तेवढा इमानदारीनं पोचवावा."

मी म्हटलं, भागवत, ते तीन वर्षांपूर्वी वारले.

तो हातातला दोऱ्याचा गुंडा ठेवून ओट्यावर बसला. मग त्यानं वर बघितलं... माझ्या तोंडाकडं नव्हे, कपाळाकडं. "मग ह्ये?" एवढंच म्हणाला.

माझा हात टिकलीवर गेला. त्याला कुणी सांगितलं असतं? नवरा गेलेली बाई त्यानं आजवर अशी पाहिलीच नव्हती. कुंकू लावलंय म्हणजे मालक आहेत, आणि मालक आहेत तर खोल्यांवर येणारच. त्याच्या हिशेबात त्या माणसाच्या येण्यात नवल असं काहीच नव्हतं. मोबाईलमधला फोटो दाखवला. हेच म्हणाला, फक्त इथं जरा अंगानं भरलेले दिसतात. शेवटच्या दोन वर्षांत मिस्टर फार वाळले होते. फोटो त्याच्या आधीचा.

इथं मला तुमच्यापासून एक गोष्ट लपवायची होती. पण लपवली तर या लिहिण्याला अर्थ नाही. भागवतचा अंदाज चुकीचा नव्हता. आमचं बोलणं नव्हतं.

भांडण झालं असं नाही. एल जिथं संपतो ती शेवटची खोली त्यांनी जरा मोठी बांधली होती, खिडकीही मोठी. ती आपल्या दोघांना, म्हणाले. रिटायर झालीस की इथंच राहू, माझं गाव आहे. मी म्हटलं, मला भाडेकरूंच्या मोऱ्या मोजत म्हातारपण काढायचं नाही, माझी सगळी माणसं बीडमध्ये आहेत. ते बरं म्हणाले. परत कधी विषय काढला नाही. आणि हळूहळू बाकीचे विषयही संपले. शेवटची दोन वर्षं आम्ही स्टाफरूमच्या फळ्यासारखे बोलायचो... गॅस लावलाय, दूधवाला येऊन गेला, लाईट बिल टेबलावर आहे. मंगळवारी निघताना ते "येतो" म्हणायचे, मी "हं" म्हणायचे. मी हटून बसले होते. माझंच बरोबर आहे, असं मला वाटत होतं, आणि कदाचित होतंही. पण त्याला आता काय करू.

म्हणजे सहा महिने मी मुलाशी बोलतेय असं समजत होते, आणि नवऱ्याशी बोलत होते. शेवटच्या दोन वर्षांत बोललो नसू तेवढं.

त्या दिवशी मी परत बीडला गेले नाही. शेवटची खोली रिकामीच होती, ती कधी कुणाला दिलीच नाही. भागवतच्या बायकोनं गादी आणून टाकली. तीन आठवडे राहिले. तिन्ही मंगळवारी दहापासून खुर्ची टाकून कडीपत्त्यापाशी बसले. बीडहून येणारी बस स्टँडला लागते कधी, तिथून चालत यायला किती वेळ लागतो, सगळं मला पाठ झालं. अकरा वाजायचे, साडेअकरा, बारा. रस्त्यावरून हायवा जायचे. कुणी आलं नाही. भागवतलाही नंतर कधी दिसले नाहीत. त्या दिवसापासून नाहीतच.

शोधायचं ते सगळं शोधलं मी. चेंबरचं भागवतला त्यानंच सांगितलं असेल म्हणून खोल्यांचं प्लंबिंग केलेला माणूस शोधून काढला, तर तो परळीला मुलाकडं, अंथरुणाला खिळलेला. भाडेकरूंना विचारलं. अकरा वाजता सगळे कामावर असतात. नाईट ड्यूटीची एक सिस्टर तेवढी घरी असते. ती म्हणाली, मंगळवारी भागवत काका अंगणात कुणाशी तरी बोलत असायचे, मला वाटलं फोनवर आहेत. दुसरा आवाज? तो नाही ऐकला. भागवत खोटं बोलतो म्हणावं, तर त्यानं मिळवलं काय? उलट त्याच दिवशी काम सोडायला निघाला होता. बायकोनं समजावलं, बाई एकट्या हायेत, म्हणून थांबला.

पुढच्या महिन्यात शिवराज कागद घेऊन आला. मी सही केली नाही. म्हटलं, माझ्यामागं काय ते कर. कारण विचारलं, ते मला सांगता आलं नाही. तो चिडला, मग "तुझी मर्जी" म्हणाला. जाताना मी एवढंच म्हटलं, अरे, माझ्या गुडघ्याचं कधीतरी विचारत जा. तो गोंधळला. "विचारतो की, आई. गोळ्या घेतेस का, म्हणतो ना दर वेळी?" त्याचंही खोटं नाही. त्याला ते विचारणंच वाटतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि डबा दिला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी भागवत बीडला आला, बायकोला घेऊन. चहा झाला तरी उठेना. शेवटी बायकोनंच त्याला कोपरानं ढोसलं.

एक निरोप राहिलाय म्हणाला. उन्हाळ्यातला. फोनवर सांगितला नव्हता, कारण नवरा-बायकोतलं होतं, मधल्या माणसानं बोलावं असं नव्हतं.

"एकदा मीच म्हणलो त्यांला. मालक, दर बारीला माझ्या हातून निरोप कावून देता? घरी जाऊन बोला की सरळ." त्यानं बायकोकडं बघितलं. "तर म्हणले, गेलतो. दोनदा गेलतो. ती कोडं सोडवत बसलेली असती. वर बघत न्हाई."

पेपरातलं शब्दकोडं मी ते गेल्यावर सोडवायला लागले. ते होते तेव्हा पेपर त्यांच्याकडं असायचा, मला तपासायच्या वह्या असायच्या. दुपारी जेवण झालं की दारासमोरच्या खुर्चीत बसते आणि दोन तास त्यातच घालवते. हे कुणालाच माहीत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. शिवराजला माहीत नाही, भागवत तर दुपारचा माझ्या घरी त्याआधी कधी आलाच नव्हता.

माझ्याकडं या कशाचंही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर लिहा, अगदी कडक शब्दांत लिहिलं तरी चालेल. खोल्या आहेत, भागवत आहे, रविवारी दहाला त्याचा फोन येतो. तो नंबरवार सांगतो. आणखी काही नसतं.

कोडं मी अजूनही सोडवते. दुपारचं दुसरं काय करणार. फक्त एक शब्द भरून झाला की मान वर करते, दाराकडं बघते, आणि मग पुढचा शब्द घेते.